काट्याच्या वाट्याची मेमरी

"संगणकाच्या बाजूनं कोणताही दोष आढळला नाही." हे वाक्य माझं. खाली सही माझी, शिक्का माझ्या विभागाचा. या एका वाक्यानं मी एका माणसाला ऊसकाट्यावरून उचलून बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगाजवळ पहाऱ्याला बसवलं. लिहायला किती वेळ लागला म्हणाल, तर टेबलावरचा चहा निवायच्या आत लिहून झालं होतं.

सातारा आणि सांगलीच्या शिवेवरच्या एका साखर कारखान्यात मी संगणक विभाग सांभाळते. माहेर औंधचं, सासर कडेगावचं. स्वभाव तापट, हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. काम चोख करते, म्हणून लोक ऐकून घेतात. निदान जानेवारीपर्यंत तरी मला असंच वाटत होतं.

तो माणूस म्हणजे काट्यावरचा क्लार्क. पलटणीतून हवालदार होऊन परत आलेला, सगळे त्यांना फौजी म्हणायचे. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, आणि गाडी काट्यावर चढली की ड्रायव्हरला एकच वाक्य: "हँडब्रेक वड, खाली उतर." गाडीत माणूस बसलेला असेल तर ते वजनच घ्यायचे नाहीत. दरवर्षी सव्वीस जानेवारीला त्यांच्या गावातल्या शाळेत झेंडा त्यांच्याच हातानं फडकायचा.

डिसेंबरात एक शेतकरी ट्रॅक्टर काट्यावर आडवा लावून उभा राहिला. माणदेशाकडचा, धनगराचा. सगळी हयात मेंढरामागं गेलेली. कालव्याचं पाणी आलं आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा ऊस लावला. येताना वाटेतल्या खाजगी काट्यावर दोन्ही ट्रॉल्या मोजून, पावती टोपीत घालून आला होता. आमच्या पावतीवर त्याच्या निम्म्यानंही वजन नव्हतं.

"फौजीनं काटा मारला," तो म्हणाला. ओरडला नाही, साधंच म्हणाला. पण मागं शंभरभर गाड्या उभ्या होत्या आणि आमच्या भागात हे वाक्य हळू बोललं तरी दोन तालुक्यांत ऐकू जातं.

आधीही अशा दोन तक्रारी आल्या होत्या. कार्यकारी संचालकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, चौकशी लावली. काट्याचं लोखंड तपासणाऱ्यानं लोखंड ठीक आहे म्हणून लिहिलं. मी संगणक ठीक आहे म्हणून लिहिलं. मग राहिलं कोण? खुर्चीवर बसलेला माणूस. नोकरी गेली नाही, पण काटा गेला. गावात पारावर लोक विचारायला लागले, "काय फौजी, किती मारला?" आणि जानेवारी लागला तशी बातमी आली की यंदा शाळेचा झेंडा दुसऱ्या कुणाच्या तरी हातून फडकवायचं ठरतंय.

आता मी एवढ्या ठामपणे संगणक ठीक आहे असं का लिहिलं, ते सांगते.

आमच्या खोलीत लोखंडी मशीन एकच आहे, तेही जुनं. पण त्याच्या पोटात पाच सर्व्हर चालतात. काट्याचा, लॅबचा, शेतकी खात्याचा, पगाराचा आणि स्टोअरचा. एक घर, पाच चुली, धान्याची कोठी मात्र एकच, असा प्रकार. ही कोठी म्हणजे मशीनची मेमरी, काम चालू असताना लागणारी जागा. ती पाचांना वाटून द्यायची, आणि वाटायची ती एका ठरलेल्या मापानं. ते माप अख्ख्या मशीनला एकच असतं. मशीन बसवणाऱ्यानं सगळ्यात मोठं माप ठेवलेलं, दोनशे छप्पन्न एमबीचं. त्यामुळं एखाद्या सर्व्हरला थोडंसं जास्त हवं असलं तरी अख्खं माप द्यावं लागायचं, नाहीतर काहीच नाही. चौघांकडं थोडं थोडं जास्तीचं जाऊन पडलेलं, कोठीच्या तळाला एका मापाला कमी पडेल एवढं उरलेलं, आणि काट्याचा सर्व्हर बिचारा अर्धपोटी.

दोन वर्षांपूर्वी मी इथं लागले तेव्हाच हे माझ्या लक्षात आलं होतं. घरी भाकरी थापता थापता सासूबाईंना सांगितलं होतं. त्यांच्याकडं अजून जुनी लाकडी मापं आहेत, ज्वारी त्याच मापांनी मोजतात. चिपटं, मापटं, शेर, अडशेरी, पायली, प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. आमच्या मशीनचीही पाचच मापं, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न. तीही दुप्पट दुप्पट. मला गंमत वाटली. सासूबाईंना अजिबात वाटली नाही. "पायलीनं चिपट्याची वाटणी करत बसलाय व्हय तुमी? मग भांडणं हुणारच. माप बदला की," एवढं बोलून त्या तव्यावरची भाकरी उलटायला वळल्या.

माप बदलायचं मी ठरवलेलंच होतं. सोळाचं माप लिहिलं. त्या मापानं चौघांकडचं जास्तीचं काढून काट्याला भरपूर वाटणी लिहिली. फक्त एक अट होती. हे नुसतं लिहून लागू होत नाही. पोटातले सर्व्हर कितीही वेळा बंद-चालू करा, उपयोग नाही. खालचं लोखंडी मशीनच एकदा पुरतं बंद होऊन परत उठलं पाहिजे, तेव्हा नवं माप धरतं.

आणि कारखान्यात ते मशीन बंद करू देणारा माईचा लाल नव्हता. शेतकी खातं म्हणायचं उसाच्या नोंदी चालू आहेत. पगारवाले म्हणायचे पगार थांबेल. महिनाभर सगळ्यांचे उंबरे झिजवले. शेवटी मीच दिवस काढला, खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यात कोयत्यापासून क्रेनपर्यंत सगळं धुऊन पुसून पूजेला मांडतात. हत्याराला हात लावायचा नाही, यंत्र चालवायचं नाही. देवाच्या नावानं एक दिवस मशीन बंद ठेवायला कोण नाही म्हणणार? कुणीच म्हणालं नाही. आमच्या विभागाचा शिपाई रिटायरमेंटला टेकलेला माणूस, पूजेचं सगळं तोच बघायचा. त्याला म्हटलं, "उद्या पहाटे मशीन पूर्ण बंद करा आणि मगच पूजा मांडा." तो "व्हय मॅडम" म्हणाला.

सकाळी मी पोचले. संगणकाचा पडदा काळा, मशीनवर हळदीकुंकू, समोर नारळ, आणि मशीनच्या तोंडावर मनगटाएवढी जाड झेंडूची माळ. मी हात जोडले, वर एक कुंकवाचं बोट माझंही लावलं. दसऱ्याला सुट्टी. एकादशीला आले तर सगळं चालू. रजिस्टरमध्ये लिहिलं, "माप बदलले. काम पूर्ण."

पुढच्या दोन्ही हंगामांत ऊस थोडा होता, कसलीच तक्रार आली नाही. मी मनातल्या मनात माझीच पाठ थोपटून घेतली. यंदा कालव्यानं ऊस वाढला, काट्याबाहेर वजन दाखवणारा मोठा बोर्ड लावला, गाड्यांची रांग रस्त्याला लागली. डिसेंबरात चौकशी आली तेव्हा मी वाटणीचा तक्ता उघडला. काट्याला भरपूर. मग दोष कसला? लिहून टाकलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारची वेळ. शेतकऱ्यांना मोबाइलवर वजनाचा मेसेज जावा म्हणून सहावा एक छोटा सर्व्हर करायचा होता. त्यासाठी मी मशीनचं आतलं दुसरं पान उघडलं. डिसेंबरात ते मी उघडलंच नव्हतं. त्यावर दोन रकाने होते. आत्ता चालू असलेलं माप, दोनशे छप्पन्न. पुढच्या वेळी मशीन उठल्यावरचं माप, सोळा.

दोन वर्षं झाली तरी माझं सोळा रांगेतच उभं होतं. मी डिसेंबरात जो तक्ता बघून सही ठोकली, तो मी लिहिलेल्या वाटणीचा होता. चालू असलेली वाटणी या पानावर होती, आणि तिथं काटा अर्धपोटीच.

शिपायाला बोलावलं. "खंडेनवमीला मशीन बंद केलं होतं की नाही?"

त्यानं टोपी काढली. "पडदा बंद केला हुता, मॅडम."

"आणि मशीन?"

"तुमच्या आधी हितं हुतं त्या साहेबांनी सांगून ठिवलं हुतं, ह्या बटनाला हात लावला तर घरी जाशील. मला लय भ्या वाटलं. पर दिवं लुकलुकत हुतं, ते बरं दिसंना, म्हणून जाड माळ करून घेतली. माळंनं झाकलं सगळं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडात आलेलं मी बोललेही असते, पण त्याच माळेसमोर हात जोडून उभी राहिलेली बाई मला दिसत होती. हात जोडण्याऐवजी माळ बोटभर सरकवली असती तरी कळलं असतं. मशीन कधीपासून चालू आहे हे एका ओळीत विचारता येतं, तेही मी विचारलं नाही. पूजा झाली म्हणजे बंदही झालं असणार, हा हिशेब माझा. शेण मी खाल्लं होतं, आणि वास फौजींच्या अंगाला येत होता. मला रडू आलं. शिपायासमोरच आलं.

मग डोळे पुसले आणि जुन्या नोंदी काढल्या. तिन्ही तक्रारींची वेळ सकाळच्या दाट गर्दीची. तिन्ही वेळी काट्याच्या सर्व्हरची मेमरी संपलेली. मेमरी संपली की पडदा गोठायचा. आधीच्या गाडीचं वजन तसंच राहायचं आणि पुढच्याच्या पावतीवर तेच छापून यायचं. त्या धनगराच्या आधी काट्यावर एक बैलगाडी होती. बैलगाडीचा ऊस त्याच्या नावावर पडला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडं गेले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "मशीन बंद करायला वेळ द्या. फौजींना परत घ्या. माझा अहवाल चुकीचा होता हे मी लेखी देते."

साहेब वाईट माणूस नाही, पण हंगामात त्यांना दुसरं काही दिसत नाही. "हंगामात मशीन बंद? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? परत उठलं नाही तर? खंडेनवमीला करू."

"खंडेनवमीला नऊ महिने आहेत, साहेब. सव्वीस जानेवारीला दहा दिवस."

"सव्वीस जानेवारीचा काय संबंध?"

झेंड्याचं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं. मग आवाज खाली करून म्हणाले, "लेखी देऊ नका. लेखी दिलंत तर तुमच्यावर येईल. फौजींना पुढच्या हंगामात गुपचूप काट्यावर घेऊ. लोक विसरतात."

"काटा मारल्याचं आपल्याकडं कोण विसरतं, ते सांगा." माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. कागद घरूनच लिहून नेला होता, तो त्यांच्या टेबलावर ठेवला. "यावर आवकचा शिक्का मारून घेतलाय. आता माझ्यावर यायचं ते येऊ दे."

त्यांनी कागद वाचला, परत वाचला. चार दिवसांनी मिल साफसफाईला थांबणार होती, त्या दिवशी ऊस घेणं बंद असतं. "बारा ते तीन," ते म्हणाले. "तीनला काटा चालू झाला नाही, तर मला तोंड दाखवू नका."

मी एवढ्यावर थांबणार नव्हते. मशीन गुपचूप दुरुस्त झालं असतं, तर फौजी गुपचूपच निर्दोष झाले असते, आणि तसलं निर्दोष असणं पारावर चालत नाही. त्या धनगराला मी स्वतः फोन केला. म्हटलं, "दादा, साफसफाईच्या दिवशी अकराला काट्यावर या. तुमचं वजन कुठं गेलं ते दाखवते."

साफसफाईच्या दिवशी मिल थांबते, गाड्या थांबत नाहीत. मिल सुरू झाली की पुढचा नंबर मिळावा म्हणून ट्रॅक्टरवाले आदल्या दिवसापासून येऊन बसलेले असतात. त्या दिवशीही यार्ड गच्च भरलं होतं. मला तेच पाहिजे होतं. फौजींना बोलवायला शिपाई गेला, तर ते येईनात. मग मीच गेले. बगॅसचा भुसा उडत होता, आणि तिथंही त्यांचा शर्ट इस्त्रीचाच होता.

"मला काय दाखवताय, मॅडम?" ते म्हणाले. "मला माहीत हाय मी काय केलं आणि काय न्हाई."

"तुम्हाला नाही. त्यांना दाखवायचंय. तुम्ही फक्त उभे राहा."

ते आले, पण काट्याच्या केबिनमध्ये पाऊल टाकलं नाही. बाहेर सावधानमध्ये उभे राहिल्यासारखे राहिले.

गर्दीच्या वेळी काट्यावर जे जे चालू असतं ते सगळं मी चालू केलं. बाहेरचा बोर्ड, पडद्यावरच्या तिन्ही खिडक्या, गाड्यांच्या नंबरची यादी. आधी एक बैलगाडी चढवली. वजन आलं, पावती निघाली. ती उतरली. मग दोन ट्रॉल्यांचा भरलेला ट्रॅक्टर चढवला. सगळ्यांची मान बोर्डाकडं. आकडा हलेना. पावतीचं बटन दाबलं. पावती बाहेर आली, ती मी धनगराच्या हातात दिली. त्याला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. त्यानं आधीची पावती मागून घेतली, दोन्ही शेजारी धरल्या आणि बराच वेळ बघत राहिला.

"हे तर बैलगाडीचं हाय," तो म्हणाला.

"तुमच्या बाबतीत हेच झालं. याचं कारण मशीनच्या आतलं एक माप. ते बदललं म्हणून मी दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलं, आणि ते बदललेलं नव्हतं. मी न बघता सही केली. फौजींचा यात काडीचा संबंध नाही. चूक माझी." असं चारचौघांत बोलायचं म्हणून मी घरून पाठ करून गेले होते. तरी शेवटचे दोन शब्द इतके हळू आले की ते परत म्हणावे लागले.

 मागून एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आवं मग फौजीला उगाच उन्हात बशिवला की रं." 

बाराला खोलीत गेले. पाचही सर्व्हर एकेक करून झोपवले. मग शिपायाला म्हटलं, "या, बटन तुम्ही दाबायचं."

"मी नको, मॅडम."

"तुम्हीच. काय व्हायचं ते माझ्यावर."

त्यानं बोट लावलं आणि पंख्याचा आवाज बसत बसत गेला. त्या खोलीत मी दोन वर्षं काम करते, पण अशी शांतता कधीच ऐकली नव्हती. ती ओळखीची नाही एवढ्यावरून सुद्धा खंडेनवमीला मला कळायला हवं होतं.

मशीन उठायला लागलं. जुनं मशीन, प्रत्येक भाग तपासत उठतं. पाऊण वाजला, सव्वा वाजला. दीडला पडद्यावर आत्ताचं माप आलं, सोळा. लॅब उठली, शेतकी उठलं. काट्याचा सर्व्हर उठेना. तो नवी वाटणी मागत होता आणि मशीन कोठीत नाही म्हणत होतं. साहेबांचा फोन दोनदा वाजला, मी घेतला नाही. पान खालपर्यंत वाचलं, ओळ न ओळ. स्टोअरचा सर्व्हर जुन्या वाटणीनं उठला होता, काट्याच्या वाट्याचं तोच दाबून बसला होता. त्याला परत झोपवलं, नव्या वाटणीनं उठवलं. तीनला दहा मिनिटं कमी असताना काटा उठला.

केबिनकडं धावत गेले. सगळं पुन्हा चालू केलं, बोर्ड, खिडक्या, यादी. बैलगाडी चढवली, उतरवली. मग खुर्चीवरून उठले आणि फौजींना म्हटलं, "बसा." साहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी मान हलवली.

फौजी बसले. खिडकीतून बाहेर वाकून धनगराकडं बघितलं. त्यानंच तो ट्रॅक्टर काट्यावर चढवला होता.

"हँडब्रेक वड," फौजी म्हणाले. "खाली उतर."

तो उतरला. बोर्डावरचा आकडा सरसर वर गेला आणि थांबला. खरा आकडा. धनगर पावती घेऊन खिडकीशी आला, टोपी काढली आणि एवढंच म्हणाला, "चुकलं." फौजींनी पावतीवर शिक्का मारून पुढच्या गाडीला हात केला.

माझ्या कागदाचं व्हायचं ते झालं. मेमो आला, पगारवाढ एक वर्ष थांबली. ते मला मान्य होतं.

सव्वीस जानेवारीला सकाळी मी त्यांच्या गावच्या शाळेत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मागं भिंतीशी उभी राहिले. झेंडा फौजींनीच फडकवला. दोर एका झटक्यात ओढला, मग ताठ सॅल्यूट. शाळेबाहेर जिलेबीच्या कढईला गर्दी झाली, तशी मी निघत होते. फौजी कागदात जिलेबी घेऊन माझ्यापर्यंत चालत आले.

"घ्या, मॅडम."

मी घेतली. म्हटलं, "फौजी, मला माफ करा."

"ते झालं त्या दिवशी काट्यावर." मग म्हणाले, "एक सांगू का? त्या खंडेनवमीला माझी काट्यावर पहाऱ्याची ड्युटी हुती. पूजा चालली हुती तवा काट्याच्या पडद्यावरचं घड्याळ चालूच हुतं. मी बघितलंय. मशीन बंद झालंच न्हवतं."

"मग तुम्ही बोलला का नाही? चौकशी झाली तेव्हा तरी?"

"तुमी तक्ता बघितला, रजिस्टर बघितलं," फौजी म्हणाले. "मला इचारलं कवा?"

जिलेबी हातात गार होत गेली.